मारल्याशिवाय आत जायचं नाही

त्या दिवशी मला कोरपन्याला जायचं होतं. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. भाचीचं लग्न ठरून साक्षगंध होतं, पिशवीत तिच्यासाठी घेतलेली साडी होती, आणि मी चंद्रपूरच्या बसस्टँडवर चांगला अर्धा तास आधी पोचले होते. मग गाडी लागली, मी चढले, खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला आणि त्यानं विचारलं, "कुठी जाता, बाई?" मी म्हटलं, "गोंडपिपरी."

पाटी वाचायची राहिली असती तर मी चष्म्याला बोल लावला असता. पण इथे पाटीवर गोंडपिपरी होतं, गाडी गोंडपिपरीची होती, तिकीट गोंडपिपरीचं होतं आणि ते माझ्याच तोंडानं मागितलेलं होतं. म्हणजे चूक कोणाचीच नव्हती, फक्त मी जिकडे जायला निघाले होते तिकडे जात नव्हते. बल्लारपूरपर्यंत दोन्हीकडच्या गाड्या एकाच रस्त्यानं जातात, म्हणून तोवर काही वाटलंच नाही. कोठारी आलं, दोन्ही बाजूंनी सागवान सुरू झालं, तेव्हा मनात आलं की कोरपन्याच्या रस्त्याला इतकं जंगल कधीपासून आलं. तरी मी उतरले नाही. माणसाला आपण चुकलो हे पटायला वेळ लागतो, आणि मला तर जरा जास्तच लागतो.

गोंडपिपरी माझं माहेर. आता तिथे कोणी नाही. मी स्टँडवर उभी राहिले. मोबाईलची बॅटरी संपलेली. चहाच्या हॉटेलवाल्यानं आपला फोन पुढे केला, म्हणाला, "नंबर सांगा, लावून देतो." पोरीचा नंबर सांगायला मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. सुरुवातीचे दोन आकडे आले, पुढे सगळं साफ.

हे का भयंकर होतं ते समजायला मी कोण होते ते सांगावं लागेल. मी टेलिफोन ऑपरेटर होते. चंद्रपूरच्या एक्सचेंजमध्ये, बोर्डावर, कानाला हेडफोन लावून, सगळी नोकरी बसून काढली. माझ्या सुरुवातीच्या काळात लोक नंबर सांगतच नसत. "बाई, त्या कोळशाच्या साहेबाचा बंगला द्या," म्हणत, आणि मी द्यायचे. सराफ्यातली दुकानं, सरकारी दवाखाना, कोर्ट, लाकडाचे डेपो, अख्खं गाव माझ्या डोक्यात होतं. ते नंबर अजून आहेत. त्यातला एकही आता लागत नाही, माणसंही बरीच गेली, पण नंबर जात नाहीत. आणि पोटच्या पोरीचा एक नंबर माझ्याजवळ नव्हता. तो त्या मोबाईलमध्ये होता, आणि मोबाईल मेला होता.

हॉटेलवाल्यानं शेवटी फोन चार्जिंगला लावून दिला, चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. "होते असं, बाई, वयच हाये," म्हणाला. चांगला माणूस होता, पण मला त्याचा राग आला.

पोरगी नागपूरला कॉलेजात शिकवते. दुसऱ्याच दिवशी आली आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता. त्यानं पाच शब्द सांगितले आणि लक्षात ठेवायला लावले. मग विचारलं, आज तारीख काय. मी म्हटलं, "रिटायर माणसाले तारीख काऊन लागते? बुधवार हाये, तेवढं पुरे." तो हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. शंभरातून सात वजा करत चला म्हणाला. ते मी भराभर केलं, त्याला मागे टाकून. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, काढलं. मग विचारलं, ते पाच शब्द कोणते. मला तीन आले. हत्ती, नदी, कुलूप. उरलेले दोन गेले ते गेलेच.

गंमत म्हणजे आता लिहिताना मला पाचही येतात. हत्ती, नदी, कुलूप, आंबा, चटई. पण चटई खरंच होती की मी आपल्या मनानं घालून टाकली, हे सांगणारं कोणी नाही.

डॉक्टर म्हणाला, घाबरायचं कारण नाही, वयाप्रमाणे थोडं होतं, पण डोकं चालतं ठेवा. कोडी सोडवा, खेळ खेळा, नवीन काही शिका, तीन महिन्यांनी या. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर पोरगी म्हणाली, "आई, तीन महिने पाहू. नाई सुधारलं तर तू माझ्याकडे नागपूरला. इथलं घर भाड्यानं देऊन टाकू. मी आता रोज जीव मुठीत धरून नाई बसू शकत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी भांडले नाही. नाहीतर भांडले असते. हे दोन खोल्यांचं घर मी आणि माझ्या नवऱ्यानं दोघांच्या पगारातून बांधलं, तो याच घरात गेला, आणि मला याच घरात राहायचं आहे. नागपूरच्या चौथ्या मजल्यावर, दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी असताना, मी काय करू?

तेव्हा मी अभ्यासाला लागले. पोरीनं तीन वस्तू दिल्या होत्या. एक आकड्यांच्या चौकटींचं पुस्तक, एक शब्दकोड्यांचं, आणि मोबाईलमध्ये एक खेळ. आकड्यांच्या कोड्यात नऊच्या वर आकडा नाही आणि शून्य तर नाहीच. शून्याशिवाय कोणाचा फोन लागला आहे आजवर? तरी मी ते सोडवत गेले. कधी कधी सगळ्या चौकटी भरायच्या आणि शेवटच्या घरात सात पण बसायचा नाही आणि चार पण नाही. मग चूक कुठे झाली ते शोधायला मागे मागे जायचं. मला वाटायचं, ही चूक माझी आहे की माझ्या आजाराची? आधी असं नव्हतं. आधी चूक म्हणजे नुसती चूक असायची.

शब्दकोड्याची तर निराळीच तऱ्हा. "भाजीवर चिरून घालतात, चार अक्षरी." आम्ही जन्मभर सांबार घालत आलो, आणि सांबार तीन अक्षरातच संपतो. मी तो चौकोन दोन दिवस रिकामा ठेवला आणि दोन दिवस रडवेली होऊन फिरले. तिसऱ्या दिवशी बाजारात एका शहरी बाईनं भाजीवाल्याला कोथिंबीर मागितली आणि मी तिथेच कपाळावर हात मारला. शब्द मला येत होता. मग आठवला काऊन नाही? मोबाईलमधला खेळ मी चार दिवसांत सोडला, कारण तो दर दोन मिनिटांनी मला "शाब्बास" म्हणायचा आणि मी काही केलेलं नसायचं.

हे सगळं शेजारची भाभी दारातून पाहत होती. भाभी शिलाईकाम करते, ब्लाऊज, पिको-फॉल, परकर. वीस वर्षं आमची भिंत एक आहे. नवरा नाही, मुलगा हैदराबादला. माहेर तिचं सिरोंच्याचं, तिथून लग्न होऊन चंद्रपुरात आली, त्यामुळे बोलताना मराठीत हिंदी आणि रागावली की तेलुगू. ती एक दिवस मशीन थांबवून आली, माझ्या हातातलं पुस्तक बंद केलं आणि म्हणाली, "बाई, हे काय परीक्षेला बसल्यासारखी करून राह्यली तू. खेळायचं तर माणसासोबत खेळ. तुले अष्टचंग येते ना?"

अष्टचंग कोणाला येत नाही. पंचवीस घरांचा पट, चार कवड्या, दोघींच्या चार चार सोंगट्या. बाहेरच्या घरांवरून एक फेरी मारायची, मग आतल्या घरांत शिरायचं, आणि चारही सोंगट्या मधल्या घरात आधी नेईल ती जिंकली. भाभीनं ब्लाऊजच्या उरलेल्या खणांचे तुकडे जोडून पट शिवला, फुल्या जाड दोऱ्यानं घातल्या. कवड्या नव्हत्या, म्हणून चिचोके फोडून त्यांच्या फाका घेतल्या, एक बाजू काळी, एक पांढरी. माझ्या सोंगट्या फुटक्या बांगडीचे तुकडे, तिच्या म्हणजे बटणं. दुपारी तीन वाजता तिचं गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा माझ्या ओसरीवर आम्ही बसायचो.

मी एक वही केली. एक्सचेंजमध्ये लॉगबुक असायचं, कोणता ट्रंक कॉल किती वाजता मागितला, किती वाजता जोडला, सगळं त्यात. तीच सवय. रोजचा खेळ लिहायचा, डॉक्टरला दाखवायचा. किती वाजता बसलो, कोण जिंकलं.

आणि इथूनच घोटाळा सुरू झाला.

आमच्या गोंडपिपरीकडे नियम असा की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. मारली नाही तर बाहेरच फिरत राहा, दुसरी फेरी, तिसरी फेरी. मी पाचव्या वर्षापासून असंच खेळले. तर पहिल्याच आठवड्यात पाहते, भाभीची बटणं सरळ आत. माझी एकही सोंगटी तिनं मारलेली नव्हती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मनात आलं, मारली असेल. मारली असेल आणि मी विसरले असेन. तीन शब्दांपैकी दोन विसरणाऱ्या बाईनं दुसऱ्याला काय टोकावं? पाच शब्दांपैकी, तीन नाही. पाहा, हे असं होतं.

पूर्वीची मी असते तर तिथल्या तिथे पट उलथला असता. नोकरीत माझा आवाज वाढला की सुपरवायझर खुर्चीतून उठायचे. पण आता मी माझ्याच बाजूनं साक्ष द्यायला घाबरत होते. म्हणून मी वहीत लिहायला लागले : "आज भाभीनं माझी एकही मारली नाही. तरी आत गेली." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वही वाचायची आणि विचार करायचा, हे मी बरोबर लिहिलं की चुकीचं? लिहिणारी मीच आणि विसरणारी पण मीच. कोणावर विश्वास ठेवायचा?

मी मात्र इमानदारीनं बाहेरच फिरत होते. तिची सोंगटी हाताला लागायची नाही, कारण ती फुलीवर थांबायची आणि फुलीवरची मारता येत नाही. माझे बांगडीचे तुकडे दोन दोन, तीन तीन फेऱ्या काढायचे. आतलं दार समोर यायचं आणि मी पुढे निघून जायचे. भाभी पट पाहायची, मग माझ्याकडे पाहायची, मग पुन्हा पट. एकदा हळूच म्हणाली, "बाई, आत नाई जात?" मला वाटलं, चिडवते. मी म्हटलं, "जाईन, जाईन. घाई काय हाये." तिनं मान खाली घातली आणि चिचोके टाकले.

सलग तीन आठवडे मी हरले. रोज वहीत भाभी जिंकली, भाभी जिंकली. मला आता घरातही सुचेनासं झालं. दुधाखालचा गॅस बंद केला की नाही ते पाहायला तीनदा उठायचे, आणि तिसऱ्यांदा गेल्यावर बंद गॅस चालू करून यायचे. बुद्धविहारात म्हणायला नवीन सुत्त पाठ करत होते, ते येत होतं, पण मधेच थांबून पाहायचे की येतं आहे की नाही, आणि थांबले की जायचं.

मग एका शनिवारी सकाळी पोरगी न कळवता आली. बॅग घेऊन. आल्या आल्या म्हणाली, "आई, तीन महिन्यांची वाट नको पाहू. सामान भर."

"काऊन? काय केलं मी?"

तिनं बॅग खाली ठेवली. मग बोलली. चाचीचा फोन आला होता. चाची म्हणजे भाभी. भाभीनं तिला सांगितलं होतं, की तुझी आई खेळताना आत जायचं विसरते, दार समोर असते आणि नुसती बाहेर फिरत राहते, रोज, मले पाहवत नाई, तू येऊन पाह्य.

माझ्या अंगाची लाही झाली. वीस वर्षांची शेजारीण, माझ्या ओसरीवर माझा चहा पिणारी, माझ्यामागे माझ्या पोरीला फोन लावते. आणि मी जन्मभर लोकांचे फोन कानात असून एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी तशीच चपला न घालता भाभीच्या दारात गेले. ती मशीनवर होती. "मी विसरते?" मी म्हटलं. "मी विसरते आत जायचं? तू एकही न मारता आत जाते त्याचं काय? मी महिनाभर गप बसून राह्यली, तुझी लाज राखली."

तिनं पाय मशीनवरून काढला. "मारायचं कायले?"

"मारल्याशिवाय आत कसं जाता येते?"

"असा कुठी नियम असते? फेरी झाली की आत. आमच्या सिरोंच्यात सारे असेच खेळते."

"गोंडपिपरीत नाई खेळत."

माझी पोरगी मागे येऊन उभी होती. तिला आधी कळलं आणि ती हसायला लागली, अशी हसली की मशीनशेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसली. म्हणाली, "म्हणजे आई, तू तुझ्या नियमानं खेळून राह्यली, चाची त्यांच्या, आणि दोघींना वाटते समोरच्या बाईचं डोकं गेलं." भाभीनं पदर तोंडाला लावला. मग मलाही हसू आलं. महिनाभरात मला असं हलकं वाटलं नव्हतं. मी विसरले नव्हते. माझी वही खरी होती. भाभीनं खरंच एकही मारली नव्हती.

पोरीनं तिथेच निकाल लावला, की आता एकच नियम, दोघींचा. भाभी म्हणाली, "बाईचाच घेऊ. मारल्याशिवाय आत नाई. त्यात मजा हाये." जेवणं झाली. पोरगी म्हणाली, "राह्य इथेच. तीन महिने तीन महिनेच. पण माझा नंबर पाठ कर. लिहून देते, वहीचं एक पान दे मागचं."

मी वही उलटी करून मागचं पान फाडायला गेले. त्यावर माझं अक्षर होतं. तारीख नव्हती, पण कळलं की पहिल्या दिवसाचं आहे. मी त्या दिवशी वही उलटी धरून सुरुवात केली असणार, आणि दुसऱ्या दिवशी सरळ धरली, म्हणून ते पान मागे राहिलं. लिहिलं होतं : "भाभीसोबत अष्टचंग सुरू. तिच्याकडे न मारता आत जातात, आपल्याकडे मारावं लागते. दोघी बोललो. ठरलं, तिच्यासारखं खेळू. या वयात मारामारी कशाला. भाभी हसली."

मी ते दोनदा वाचलं. अक्षर माझंच. 'भाभी'तला भ मीच तसा काढते. पण ते बोलणं, ते ठरवणं, भाभीचं ते हसणं, काही म्हणजे काही माझ्याजवळ नव्हतं. डोक्यात हात घालून चाचपलं, तिथे नुसती भिंत.

पोरगी आत साडीच्या घड्या घालत होती, गुणगुणत होती. पान फाडून चुलीत, म्हणजे गॅसवर, धरलं असतं तर कोणाला कळलं नसतं. घर माझंच राहिलं असतं. पण बोर्डावर आम्हाला एक शिकवलं होतं. कॉर्ड चुकीच्या ठिकाणी लागली, भलतीच दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली, तर ऑपरेटरनं स्वतः मधे येऊन सांगायचं की चूक माझी आहे, आणि कॉर्ड काढायची. ऐकत बसायचं नाही. मी तेवढी वर्षं तसंच वागले. मी ते पान पोरीच्या हातात दिलं.

तिनं वाचलं. हसू गेलं. ती माझ्याशेजारी खाटेवर बसली आणि माझा हात धरला. मग म्हणाली, "पण आई, चाचीलाही आठवलं नाही ना हे? त्यांनीही सकाळी सांगितलं नाही की आपलं ठरलं होतं." हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी इतकी माझ्यातच गुंतलेली होते.

आम्ही भाभीला बोलावलं. तिनं पान वाचलं, सातवीपर्यंत शिकली आहे, बोट ठेवून वाचते. "असं झालं होतं?" म्हणाली. "मले तर काही याद नाई." पोरीनं गंमत करत विचारलं, "मग आता कोणत्या नियमानं खेळणार दोघी?" आणि आम्ही दोघी एकाच वेळी बोललो. मी म्हटलं, "मारून." भाभी म्हणाली, "न मारता."

सकाळीच तर ठरलं होतं. तिनंच ठरवलं होतं. मला वाटलं, जिद्दी आहे, पलटली. पोरीलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "चाची, मग ते पटावरच लिहा, म्हणजे भांडण नाही." भाभीनं दुसऱ्या दिवशी बसून पटाच्या कडेला लाल दोऱ्यानं अक्षरं शिवली : मारल्याशिवाय आत नाही. टाके इतके बारीक की छापल्यासारखे. पोरगी सोमवारी गेली. मला घेऊन गेली नाही. जाताना म्हणाली, रोज तीननंतर फोन कर, मोबाईलमधल्या नावावरून नाही, आकडे दाबून.

ते मी केलं. नवीन शिकायचं म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं ना, मी पोरीचा नंबर शिकले. आठ दिवस लागले. माझ्यासारखीला आठ दिवस. मग सवय लागली म्हणून आणखी शिकले, भाचीचा, डॉक्टरचा, आणि भाभीच्या मशीनवर कागद चिकटवलेला होता तो तिच्या हैदराबादच्या मुलाचा. तीन महिने झाल्यावर डॉक्टरकडे गेले. या वेळी शब्द चार आठवले. डॉक्टर म्हणाला, जसं होतं तसंच आहे, सहा महिन्यांनी या. जसं होतं तसंच, म्हणजे चांगलं की वाईट, हे मी विचारलं नाही. पोरीनं फोनवर म्हटलं, "मग राह्य." एवढंच. मी घरी येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या आणि उगाचच दोन्ही खोल्यांतून फिरले.

ही मागच्या आठवड्यातली गोष्ट. तीन वाजता भाभी आली, पट पसरला. चांगला रंगला खेळ. माझ्या हातून तिचं एक बटण मेलं, मी आत शिरले. तिला काही मारता आलं नव्हतं. तिचं बटण फेरी पूर्ण करून दारापाशी आलं, आणि तिनं ते सरळ आत सरकवलं.

"भाभी," मी म्हटलं, "मारली नाई तू."

"मारायचं कायले?"

मी हसून पटाच्या कडेवर बोट ठेवलं. ती वाकली. लाल अक्षरांवरून बोट फिरवत तिनं वाचलं, एक एक अक्षर. मग टाक्यावर नख फिरवलं, कापड उलटून मागची बाजू पाहिली, गाठी कशा मारल्या आहेत ते पाहिलं. शिलाईवाली बाई पाहते तसं.

"चांगला हात हाये," ती म्हणाली. "कोणी शिवलं हे?"

मला वाटलं ती मस्करी करते. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मस्करी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मोबाईल माझ्या मांडीजवळ होता. तिच्या मुलाचा नंबर मला पाठ आहे, दहाच्या दहा आकडे. तिनं माझ्यासाठी असाच फोन लावला होता, आणि बरोबर केलं होतं, हे मला आता कळतं. मी लावला तर तो येईल. चांगला मुलगा आहे. बॅग घेऊन येईल, मशीन विकेल आणि तिला हैदराबादला नेईल, जिथे तिच्यासाठी तीन वाजणारच नाहीत.

"तूच शिवलं," मी म्हटलं.

"मी?" तिनं पुन्हा एकदा टाके पाहिले. "अच्छा. मग बरं शिवलं." आणि तिनं आपलं बटण उचललं, बाहेरच्या घरात परत ठेवलं आणि चिचोके माझ्या हातात दिले. "टाक, बाई. तुझी पाळी हाये."

चाल तिनं परत घेतली होती, म्हणजे पाळी अजून तिचीच होती. मी टाकले.

पोरीला त्या दिवशीही फोन केला. तिनं विचारलं, कोण जिंकलं. मी म्हटलं, मी. आणखी काही, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाई. मग वही घेतली, सरळ बाजूनं उघडली. कॉर्ड चुकली तर सांगायचं हे मला शिकवलं होतं, पण ते माझी चूक असेल तर. दुसऱ्याच्या चुकीचं काय करायचं, हे कोणी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. मी लिहिलं : "तीन वाजता बसलो. नेहमीसारखाच खेळ." इतक्या वर्षांत लॉगबुकात लिहिलेली ही माझी पहिली खोटी ओळ आहे, आणि ही मी विसरणार नाही.